डावीकडचा आकडा

रायफलसाठी स्कोप घ्यायचा ठरला की आपल्या जमातीचा (म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या जमातीचा) माणूस सगळ्यात आधी काय करतो? स्प्रेडशीट उघडतो. एका रांगेत मॉडेल, मग किंमत, वजन, वॉरंटी, आणि मॅग्निफिकेशन. मग मॅग्निफिकेशनच्या कॉलमवर सॉर्ट मारतो, आणि तिथेच घोळ होतो. कारण १-४, १-६, १-८, १-१० अशी यादी समोर आली की आपल्याला वाटतं सगळ्यांची सुरुवात तर १ पासूनच आहे, मग १० पर्यंत जाणारा तो सगळ्यात भारी. मोबाईलचा कॅमेरा घेताना आधी मेगापिक्सेल मोजले, मग झूम मोजला, तसंच हे.

माझं मत बरोबर उलटं आहे. हा स्कोप निवडताना उजवीकडचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. डावीकडचा १ किती खरा आहे, यावर पैसे खर्च करावेत. का, ते सांगतो. थोडं गणित आहे, पण आठवीतलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्यात बसून वाचणाऱ्याला हा विषय कुठून उपटला असं वाटेल. मी राहतो टेक्सासात. इथे रानडुकरांचा उच्छाद आहे. लाखांच्या घरात संख्या, शेतं उकरून ठेवतात, कुंपणं मोडतात, आणि शेतकरी अक्षरशः हात जोडून बोलावतात, या आणि मारा. सप्टेंबर २०१९ पासून तर जमीनमालकाची परवानगी असेल तर खासगी जमिनीवर डुकरं मारायला राज्याचा शिकार परवानासुद्धा लागत नाही. ऑफिसमधले निम्मे लोक कधी ना कधी जाऊन आलेले असतात. त्यामुळे आपली मराठी मुलंही हळूहळू या नादाला लागतात, आणि नादाला लागली की पहिला प्रश्न बंदुकीचा नसतो, स्कोपचा असतो. कारण बंदूक बरेचदा कुणा मित्राच्या सल्ल्याने ठरते, स्कोपवर मात्र रिसर्च करता येतो. :-)

इथे एक महत्त्वाची गोष्ट, जी स्कोपपेक्षा महत्त्वाची आहे. तुम्ही एच-वन-बी किंवा तसल्या कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे गंमत बघा, डुकरासाठी टेक्सासला परवाना नको, पण तुमच्या व्हिसासाठी वॉशिंग्टनला हवा! "अरे इथे डुकराला लायसन्स लागत नाही" असं कुणी अमेरिकन मित्र छातीठोकपणे सांगेल. त्याच्यापुरतं ते खरंच आहे. तुमच्यापुरतं नाही. ग्रीन कार्ड झालं असेल तर हे कलम लागू होत नाही. शंका असेल तर दोनशे डॉलर वकिलाला द्या, स्कोप थोडा स्वस्तातला घ्या.

असो. स्कोपकडे येऊ.

लो-पॉवर व्हेरिएबल म्हणजे असा स्कोप की ज्याचं मोठं करणं एका टोकाला १ पट (म्हणजे काहीच मोठं न करणं, नुसत्या डोळ्यासारखं) आणि दुसऱ्या टोकाला ४, ६, ८ किंवा १० पट. पुढचं भिंग बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचं. म्हणून लिहिताना १-६×२४ असं लिहितात. युरोपातल्या हाक्याच्या शिकारीत, म्हणजे हाकारे डुकरं उठवतात आणि ती धावत समोरून जातात तेव्हा, असे कमी पॉवरचे स्कोप फार आधीपासून वापरात आहेत. २००० च्या दशकात जर्मनीच्या श्मिट अँड बेंडरचा १.१-४×२० चा 'शॉर्ट डॉट' आला, त्याच काळात अमेरिकेतल्या रायफल स्पर्धांमधल्या लोकांनी ही कल्पना उचलली, आणि आता दुकानात गेलात तर अर्धी भिंत यांनीच भरलेली असते.

मूळ कल्पना ध्यानात घ्या. हाक्याच्या शिकारीतून आलेली वस्तू आहे. जनावर जवळ आहे, हलतंय, तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. त्यासाठी १. आणि अधूनमधून एखादं लांब, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभं असतं, त्यासाठी ४ किंवा ६. म्हणजे १ हे त्या स्कोपचं काम आहे आणि ६ ही सोय आहे.

आता गणित. स्कोपच्या मागच्या बाजूने डोळ्यापर्यंत प्रकाशाचा जो गोल झोत येतो त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. तो किती जाड असतो? पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन. २४ चं भिंग आणि ६ पट, म्हणजे ४ मिमी. ८ पट, म्हणजे ३ मिमी. १० पट, म्हणजे २.४ मिमी. ४ पट, म्हणजे ६ मिमी. (१ पटीवर हे सूत्र सरळ लागू होत नाही, आतले इतर भाग आड येतात. पण तिथे झोत एवढा जाड असतो की काळजी नको.)

आता आपल्या डोळ्याची बाहुली. भर उन्हात ती २-३ मिमी असते. संधिप्रकाशात ५-६ पर्यंत उघडते, तरुणांची अंधारात ७ पर्यंतही जाते, चाळिशीनंतर कमी कमी होत जाते. भर दुपारी १० पटीवरचा २.४ मिमीचा झोत तुमच्या बाहुलीला पुरतो. चित्र झकास दिसतं. दुकानात तुम्ही कधी जाता? भर दुपारी, ट्यूबलाईटच्या उजेडात. तिथे १-१० हातात घेऊन खिडकीतून रस्त्यापलीकडचा बोर्ड वाचला की माणूस प्रेमातच पडतो.

आणि डुकरं कधी येतात? टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता डुक्कर झाडीतल्या चिखलात लोळत पडलेलं असतं, शहाण्यासारखं. ते बाहेर येतं सूर्य मावळताना आणि त्यानंतर. हरणांचंही तेच. टेक्सासात हरणावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत नेम धरता येतो, आणि अनुभवी लोक सांगतात की खरा खेळ त्या अर्ध्या तासातच असतो. तेव्हा तुमची बाहुली ६ मिमी उघडलेली आहे आणि स्कोप तिला ३ मिमीचा झोत देतोय. उजेड क्षेत्रफळावर जातो, व्यासावर नाही. म्हणजे निम्मा व्यास, पाव उजेड. ८ पटीवर तुम्हाला समोर एक करडा डाग दिसेल. मग तुम्ही काय करणार? रिंग फिरवून ४ वर आणणार. तिथे ६ मिमी मिळतात, चित्र उजळतं. थोडक्यात काय, २४ मिमीच्या भिंगाच्या स्कोपला, ऐन मोक्याच्या वेळी, उजवीकडचा आकडा कितीही छापलेला असो, तो प्रत्यक्षात १-४ च असतो. मग ८ आणि १० चे जास्तीचे सातशे-हजार डॉलर कशाचे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच फालतू नाही. जर्मन लोकांचा 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा एक आकडा आहे. मॅग्निफिकेशन गुणिले भिंगाचा व्यास, त्याचं वर्गमूळ. त्यानुसार ८×२४ चा येतो साधारण १३.९ आणि ४×२४ चा ९.८, म्हणजे संधिप्रकाशात तपशील बघायला जास्त पट बरी. यात तथ्य आहे. अंधूक उजेडातही मोठ्या चित्रात तपशील जास्त कळतात. पण तो फायदा घ्यायला रायफल पक्क्या आधारावर हवी आणि तुमच्याकडे निवांत वेळ हवा. उभ्याने, धाप लागलेली असताना, ८ पट मोठं केलेलं चित्र म्हणजे ८ पट मोठा केलेला तुमच्या हाताचा कंप. शिवाय ३ मिमीच्या झोतात डोळा बरोबर मध्यावर धरावा लागतो. जरा मान हलली की काळोख. आणि तुमच्याकडे पक्का आधार आणि निवांत वेळ दोन्ही असेल तर तुम्हाला हा स्कोप नकोच आहे, वेगळा हवा आहे. त्याबद्दल पुढे.

मग पट किती लागते? १०० यार्डांवरचं जनावर ४ पटीतून २५ यार्डांवर असल्यासारखं दिसतं. २५ यार्ड म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा तीनच यार्ड जास्त. बॉलरच्या हातातला चेंडू नुसत्या डोळ्यांनी दिसतो की नाही? जनावराच्या छातीतला नेम धरायचा भाग वीतभर तरी असतो. २०० यार्डांवर ६ पट घेतली तर ते ३३ यार्डांवर आल्यासारखं दिसतं. माझ्या मते नवख्याने त्यापलीकडे गोळी झाडूच नये. पोटात गोळी लागलेलं डुक्कर काटेरी झाडीत घुसतं आणि दोन दिवसांनी मरतं. शेतकऱ्याला त्याचं काही नसेल, पण आपल्याला असावं.

आता डावीकडे, १ कडे.

चांगल्या स्कोपचं १ म्हणजे खरंच १. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर उजव्या डोळ्याला स्कोपमधून आणि डाव्याला नुसतं, दोन्ही चित्रं एकाच आकाराची दिसतात, मेंदू ती एकावर एक बसवतो, आणि स्कोपची नळी जणू नाहीशी होते. समोर नुसती एक लाल ठिपकेवाली फुली तरंगत राहते. स्वस्त स्कोपमध्ये १ वर लिहिलेलं असतं १ पण असतं १.१ किंवा त्याहून जास्त, कडांना चित्र वाकतं, आणि नळीचं जाड काळं कडं मध्ये येतं. मग मेंदूला दोन चित्रं जुळवता येत नाहीत आणि माणूस नकळत एक डोळा मिटतो. एक डोळा मिटला की अर्धं जग गेलं. डावीकडून दुसरं डुक्कर येतंय का, डावीकडे तुमचा जोडीदार उभा आहे का, हे दिसत नाही.

दुकानातली परीक्षा सोपी आहे. विकणाऱ्याला आधी विचारून, रायफलवर न बसवलेला नुसता स्कोप हातात घ्या. १ वर ठेवा. दाराच्या चौकटीची उभी रेघ बघा, दोन्ही डोळे उघडे. स्कोपच्या आतली रेघ आणि बाहेरची रेघ सलग जाते का तुटते? हळूहळू आडवा फिरवा. कडेला रेघ वाकते का? ही परीक्षा ऑनलाईन देता येत नाही. मी तर म्हणेन की अख्खी स्प्रेडशीट या एका परीक्षेपुढे कमी आहे.

त्याआधी एक करा, मागची डायॉप्टरची रिंग लावून घ्या. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत (आकडा माझा, म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे). मोकळ्या आभाळाकडे, अर्थात सूर्याकडे नाही, स्कोप धरायचा, एक-दोन सेकंद बघायचं, फुली धारदार दिसते का ते बघून नजर काढायची, रिंग थोडी फिरवायची, पुन्हा बघायचं. जास्त वेळ टक लावून बघितलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

आपल्या लोकांसाठी अजून एक कारण. दिवसाचे दहा तास स्क्रीनपुढे बसणाऱ्या आपल्यात चष्मेवाले भरपूर, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या नंबरात सिलिंड्रिकल असतो, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम. अशा माणसाला साध्या रेड डॉटमधला ठिपका गोल दिसतच नाही, धूमकेतूसारखा फरफटलेला किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. काचेवर कोरलेली फुली मात्र डायॉप्टर लावलं की बहुतेकांना स्वच्छ दिसते. रेड डॉट हलका, स्वस्त आणि झटपट आहे, आणि १०० यार्डांच्या आतच काम असेल तर मी एरवी तोच सुचवीन. पण ठिपका फाटत असेल तर १ पासून सुरू होणारा स्कोप हा त्यावरचा अगदी सरळ उपाय आहे. फक्त त्या फुलीचा मधला दिवा भर उन्हात दिसण्याइतका प्रखर आहे का, आणि तोच दिवा सर्वात मंद पायरीवर संधिप्रकाशात डोळे दिपवणार नाही इतका मंद होतो का, ही दोन्ही टोकं बघा. जाहिरातीत पहिल्याबद्दलच बोलतात.

दृष्टिक्षेत्राचंही सांगून टाकतो. १ पटीवर चांगल्या स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण ११५ फूट रुंदीचा पट्टा दिसतो. ६ पटीवर तोच १९ फुटांच्या आसपास. आता अंतर ३० यार्ड करा. ६ पटीवर जेमतेम पावणेसहा फूट, ८ पटीवर सव्वाचार. डुक्कर स्वतःच चार-पाच फुटांचं. म्हणजे चुकून ८ वर रिंग राहिली आणि झाडीतून अचानक समोर आलं, तर स्कोपमध्ये फक्त केस दिसणार. कुणाचे, ते देवाला माहीत!

आणि यावरूनच मूळ मुद्द्याकडे येतो, जो माझ्या लेखी पैशापेक्षा मोठा आहे.

जास्त पट घेणाऱ्यांचं आवडतं समर्थन असं की "अरे लांबचं ओळखायला बरं पडतं." ओळखायला! जरा विचार करा. स्कोप रायफलला बांधलेला आहे. स्कोपमधून जे जे तुम्ही 'ओळखायला' बघता, त्या प्रत्येक गोष्टीवर तुम्ही भरलेली बंदूक रोखलेली असते. ते डुक्कर असेल. शेतकऱ्याचं वासरू असेल. किंवा पलीकडच्या झाडाखाली बसलेला दुसरा शिकारी असेल, जो तुमच्याकडे बघून हात करतोय. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला (म्हणजे हे वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांना) परवान्यावर शिकार करायची तर हंटर एज्युकेशन कोर्स करावा लागतो. स्कोप म्हणजे दुर्बीण नव्हे, हे अशा कोर्सात पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. आणि मग आपण बाहेर येऊन १-१० घेतो, 'ओळखायला'. दहा पट झूम हातात असला की माणूस तो वापरणारच. आमच्या क्षेत्रात म्हणतात ना, फीचर दिलं की युजर ते वापरतो, आणि तुम्ही ठरवलं होतं तसं मुळीच वापरत नाही.

ओळखायला गळ्यात ८×४२ ची साधी बायनॉक्युलर अडकवा. ४२ भागिले ८, सव्वापाच मिमी, म्हणजे संध्याकाळीही उजेड भरपूर. दोनशे-अडीचशे डॉलरमध्ये उत्तम मिळते. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, तास-तासभर बघता येतं, आणि तिच्या टोकाला नळी नसते. १-६ ऐवजी १-१० घ्यायला जे जास्तीचे पैसे लागतात त्यात ही दुर्बीण येऊन वर पेट्रोलचेही पैसे निघतात. उरलेल्या दिवसांत पक्षी बघा. टेक्सास पक्ष्यांसाठी तर स्वर्ग आहे.

दुसरं समर्थन म्हणजे "मिलिटरी वापरते." हो, वापरते. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२० मध्ये ट्रिजिकॉनचा १-८×२८ घेतला. आर्मीने डेझिग्नेटेड मार्क्समनच्या रायफलवर सिग सॉअरचा १-६×२४ लावला. २०२२ मध्ये आर्मीच्या नव्या रायफलसाठी व्होर्टेक्सचा १-८×३० निवडला गेला, ज्यात लेझर रेंजफाइंडर आणि गणित करणारा कॉम्प्युटरही आहे. पण त्यांचं काम बघा. समोरच्या टेकडीवर पाचशे मीटरवर माणूस आहे, त्याच्या हातात काय आहे ते बघायचंय, आणि बंदूक रोखणं हाच त्यांच्या कामाचा भाग आहे. दुर्बीण काढायला वेळ नाही. त्यांचं वजन ते उचलतात, बिल करदाते भरतात. आपण डुकरामागे जाणार, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. गूगल वापरतं म्हणून आपल्या चार जणांच्या ऑफिसच्या वेबसाईटला तसली डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम लावणारे लोक आपण सगळ्यांनी बघितलेत. हे तेच.

फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड, यावर लोक तावातावाने भांडतात, पण माझ्या दृष्टीने हा विषय दोन मिनिटांचा आहे. कागदी नकाशा भिंगाखाली धरला तर गावांची नावंही मोठी होतात. हे फर्स्ट. मोबाईलवरचा नकाशा झूम केला तर रस्ते मोठे होतात, नावं तेवढीच राहतात. हे सेकंड. पहिल्यात फुलीवरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या असतात, पण १ वर फुली एवढीशी होते की दिवा नसेल तर सापडत नाही. दुसऱ्यात फुली कायम ठसठशीत, पण लांबच्या नेमाच्या खुणा सहसा सर्वात वरच्या पटीवरच खऱ्या. ६ पटीपर्यंत सेकंड घ्या. तुम्ही खुणा वापराल तेव्हा ६ वरच असाल. ८ आणि वर घेणारच असाल तर फर्स्ट. झालं.

वजनावर मात्र कुणी भांडत नाही आणि भांडायला हवं. व्होर्टेक्सचा रेझर १-६ हा फार सुंदर स्कोप आहे, त्याचं १ मी पाहिलेल्यात सर्वोत्तमांपैकी. पण तो २१.५ औंस, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. ट्रिजिकॉनचा ॲक्युपॉइंट १-४×२४ हा १४.४ औंस, चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याला बॅटरीच लागत नाही. दिवसा फायबर ऑप्टिकने आणि अंधारात ट्रिशियमने ठिपका उजळतो. (ट्रिशियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे बारा वर्षांनी तो निम्मा मंद होणार. तोवर आपलीही दृष्टी झालेली असेल.) दोनशे ग्रॅमचा फरक म्हणजे काय, असं एसीत बसून वाटतं. जुलैमध्ये काटेरी मेस्कीटच्या झाडीतून तीन तास चालून बघा. त्यात माउंटचं वजन धरा. आणि माउंट स्वस्तातला घेऊ नका. हजाराचा स्कोप आणि तीस डॉलरचा माउंट म्हणजे गाडीला भारीतले टायर आणि नट हाताने आवळलेले. टॉर्क रेंच घ्या, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर स्क्रू आवळा, अंदाजाने नाही.

मगाशी म्हणालो होतो की काहींना हा स्कोप नकोच. ज्यांची शिकार म्हणजे मचाणावर बसून शेताच्या कडेला बघत राहणं आहे, म्हणजे आधार पक्का आणि वेळ निवांत, त्यांनी फॅशनच्या नादी न लागता जुनापुराणा ३-९×४० घ्यावा. ४० भागिले ६, पावणेसात मिमी झोत, तोही ६ पटीवर! संध्याकाळी तो आपल्या दोन हजारांच्या १-१० ला सहज मागे टाकेल. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, किंमत तीनशेच्या आत-बाहेर. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या रायफलवर तोच दिसतो. अर्थात त्यात १ नाही. पण मचाणावर १ लागत नाही. आणि ज्यांना चारशे-सहाशे यार्डांवरच्या लोखंडी पाट्या वाजवायच्या स्पर्धांत उतरायचंय, भर दिवसा, मोजलेल्या अंतरांवर, त्यांनी खुशाल १-८ किंवा १-१० घ्यावा. तिथे तो आकडा पैसे वसूल करतो.

राहिले पायी फिरणारे. त्यांना माझं सांगणं: १-४ किंवा १-६, सेकंड फोकल प्लेन, ज्याचं १ दुकानातल्या दारावर पास झालंय तो. पाचशे डॉलर असतील तर तीनशेपर्यंतचा १-६ आणि शंभरावरचा माउंट, हजार असतील तर आधी वजन कमी करा मग काच चांगली घ्या, आणि दोन्ही वेळा बायनॉक्युलरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. रात्रीची थर्मलवाली शिकार हा वेगळाच खर्चिक आजार आहे, त्यात मी पडत नाही.

जाता जाता, स्कोपशिवाय नेम लागतच नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं. त्या निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आणि त्या खेळात दुर्बिणीच्या स्कोपला बंदी आहे. एका बारीक छिद्रातून बघून मारतात. पट किती? शून्य... म्हणजे खरं तर १. :-)

आणि हो, एक राहिलंच. भारतात एअरगन घेऊन बसलेला एखादा चुलतभाऊ हमखास मागतो की येताना एक स्कोप आण ना. आणू नका. रायफलचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहेत, लायसन्सशिवाय बॅगेत टाकून नेणं हा गुन्हा ठरू शकतो, मग तो दोनशे डॉलरचा का असेना. एअरपोर्टवर "गिफ्ट आहे" हे उत्तर चालत नाही. चुलतभावाला चॉकलेटं न्या.